शेपूट कोणी धरायची

"सोड," रणदिवे साहेब म्हणाले.

मी सोडलं नाही.

इंजिन पूर्ण जोरावर होतं. इंधनातल्या जळक्या एरंडेलाचा वास नाकात, पंख्याचा वारा तोंडावर, आणि माझ्या दोन गुडघ्यांमध्ये विमानाची शेपूट. रेडिओवर उडणारं, साडेपाच फूट पंखांचं, बाल्साच्या लाकडाचं विमान. ते सुटायला बघत होतं. साहेब डावीकडं चार पावलांवर हातात रेडिओचा सेट घेऊन उभे. मागं मंडप. मंडपात साखर कारखान्याचे चेअरमन, त्यांच्यामागं संचालक, त्यांच्यामागं बँडवाले.

"सरोज, सोड म्हणतोय."

"नाही."

इंजिनाच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं नसावं. म्हणून मी मान हलवली. ती मात्र मंडपातल्या शेवटच्या बँडवाल्यापर्यंत सगळ्यांना दिसली.

हे मधूनच सांगितलं. आता आधीची तयारी सांगते, कारण भांडण तयारीचंच होतं.

धावपट्टीच्या कडेला बाभळीच्या खोडावर आमच्या मंडळाची एक पाटी टांगलेली असायची. वर लिहिलेलं: उड्डाणापूर्वी. खाली चौदा ओळी. अक्षर माझं. आमचं हवाई छंद मंडळ म्हणजे दहा पुरुष आणि मी. साल सत्त्याण्णव. मी अठ्ठावीस वर्षांची होते.

१. धावपट्टी मोकळी करा.

ती मोकळी कधीच नसायची. मंत्र्यांची विमानं उतरावीत म्हणून कारखान्यानं ती कधीकाळी बांधली होती. मंत्री मोटारीनंच येत राहिले. दिवाळीच्या आसपास तिथं सोयाबीन वाळायचं. तिन्ही बाजूंनी ऊस, दहा-दहा फूट, तोडीला आलेला.

त्या दिवशी हंगामाचा पहिला दिवस होता. दहा चाळीसला बॉयलर पेटवायचा मुहूर्त, आणि त्याआधी अर्धा तास चेअरमन आमची विमानं बघायला येणार होते. त्यांना आवडलं तर ही जागा आम्हाला आणखी तीन वर्षं वापरायला मिळणार होती. म्हणून साहेबांनी मंडप घातला होता आणि पहाटेपासून खराटे आणले होते.

"तुमच्या खेळण्यापायी आमी किती येळा गोळा करायचं?" सोयाबीनवाली मावशी मला म्हणाली.

"एवढा तास, मावशी."

"उडवणार कोन? तू?"

मी खराटा चालवत राहिले.

"मंग झाडतीस कशाला?" ती म्हणाली.

४. तोल बघा.

पंखाच्या पुढच्या कडेपासून एक तृतीयांश अंतर मागं यायचं. तिथं खालून दोन्ही बाजूंना एकेक बोट लावायचं आणि विमान उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपूट खाली गेली तर ते विमान हातातून सोडायचं नाही, कुणी काहीही म्हणो.

मी उचललं. नाक झुकलं, एवढंसं, कुणीतरी हाक मारल्यावर खाली बघावं तसं.

"बरोबर आहे," इक्बालभाई म्हणाला. इक्बाल मुल्लाणी. गावात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. आमच्याकडं गुरुवारी वीज नसायची, म्हणून दुकान बंद. त्या गुरुवारी तो मला त्याचं जुनं, ठिगळ लावलेलं विमान द्यायचा आणि शेजारी उभा राहून बिड्या ओढायचा. असे एकोणीस गुरुवार झाले होते. मंडळात कुणाला माहीत नव्हतं.

"साहेबांना विचारलंस?"

"मागच्या रविवारी."

"काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

"बघू म्हणजे नाही गं."

"माहितीये."

"मग?"

"मग काय. तोल बरोबर आहे."

तो हसला. त्यानं पंखाचे दोन बोल्ट माझ्याकडं दिले, मी ते आवळले, आणि दोघंही जास्त बोललो नाही. साहेब येत होते.

पाटीवर नसलेली ओळ

नव्या विमानाचं पहिलं उड्डाण रणदिवे साहेब करतील.

हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. साहेब बावीस वर्षं हवाई दलात होते, जमिनीवरच्या कामात, पण हात असा की आम्ही नुसते बघत राहायचो. त्यांच्याइतका हलका हात मी पुढं कुणाचा पाहिला नाही. हे मी आजही कुणालाही सांगेन. साहेब नवं विमान उडवायचे, त्याच्या खोडी काढायचे, मग उतरवून मालकाच्या हातात सेट द्यायचे. "घे तुझं बाळ," म्हणायचे. मालकाचे डोळे भरून यायचे, पेढे यायचे.

माझी त्याआधी सहा विमानं झाली होती.

पहिलं साहेबांनी उडवलं आणि देशमाने वकिलांच्या हातात दिलं, कारण वारा सुटला होता आणि वाऱ्यात बाईच्या हातात नको. वकिलांनी ते बाभळीत घातलं.

दुसरं आणि तिसरं एकाच रविवारी. हवेत एकमेकांवर आपटली. दोन्ही माझी, आणि मी खाली सगळ्यांसाठी चहा ओतत होते.

चौथं नदीत.

पाचवं कुठं गेलं ते आजही कळलेलं नाही.

सहावं साहेबांच्या भाच्यानं मोडलं, कारण तो पुण्याहून आला होता.

जे सापडायचं त्याचे तुकडे पोत्यात घालून आमच्या दुकानी यायचे. आमचं दुकान हार्मोनियम दुरुस्तीचं. वडिलांच्या हाताखाली मी पातळ लाकूड, सरस आणि भात्याचं कापड हाताळत वाढले, म्हणून साहेबांनीच मला मंडळात आणलं होतं. "सरोज, जरा बघ गं. तुझ्या हाताला गुण आहे." आणि मी बघायची. रात्रभर सरस वाळायला ठेवायची. पुढच्या रविवारी ते उभं असायचं, पहिल्यापेक्षा देखणं, आणि उडवायला कुणीतरी असायचंच.

आण्णा, म्हणजे वडील, एकदा पोत्याकडं बघून म्हणाले, "पेटी दुरुस्तीला आली की वाजवणारा सोबत येतो. तुझ्याकडं नुसतं पोतं येतंय."

मला तेव्हा ते लागलं होतं. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

सातव्याला मी चौदा महिने घेतले. पंखांना असलेल्या हलत्या झडपांच्या बिजागऱ्यांना भात्याचं कापड लावलं, तेच, जे आण्णा पंचवीस वर्षं टिकणाऱ्या पेट्यांना लावायचे. सेटसुद्धा स्वतःचा घेतला, जुना, इक्बालभाईच्या ओळखीनं.

७. चिमटा घ्या. चिमट्याशिवाय सेट चालू करायचा नाही.

पाटीच्या खालच्या कडेला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावलेले असायचे. एकेका चिमट्यावर एकेक आकडा. आकडा म्हणजे रेडिओचा चॅनेल. त्या काळातल्या सेटचं असं होतं की एका चॅनेलवर दोघांनी सेट चालू केले तर हवेतलं विमान कुणाचंच ऐकत नाही, दगडासारखं येतं. म्हणून ज्याच्या एरियलला चिमटा, त्यालाच परवानगी. बाकीच्यांनी थांबायचं. मंडळात भांडणं पुष्कळ व्हायची, पण चिमटा कुणी कधी हिसकावला नाही. देवळात चप्पल घालून गेल्यासारखं झालं असतं ते.

माझा चॅनेल एकोणीस. मी सकाळी चिमटा घेतला, माझा सेट लावला, सगळ्या झडपा तपासल्या, एरियल मिटवून चाळीस पावलं लांब जाऊन पुन्हा तपासल्या. सगळं बरोबर. चिमटा जागेवर ठेवला.

साडेनऊला साहेब आले, पांढरा शर्ट, छातीवर मंडळाचा बिल्ला. त्यांनी एकोणीसचा चिमटा काढून आपल्या एरियलला लावला. त्यांच्या सेटमध्येही त्यांनी एकोणीसचाच क्रिस्टल, म्हणजे चॅनेल ठरवणारा तुकडा, बसवून आणला होता.

"साहेब, माझा सेट आहे की. तपासलेला."

"दुसऱ्याच्या सेटवर माझे अंगठे चालत नाहीत गं." मग थोडं हळू, "आज चेअरमन आलेत. आजचा दिवस जाऊ दे. पुढच्या रविवारी तू."

"मागच्या वेळी पण पुढचा रविवारच होता."

"सरोज."

"तुम्ही शब्द द्या. इक्बालभाईसमोर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. साहेब माझ्यावर कधी रागवायचेच नाहीत, तेच अवघड होतं. "शेपूट तू धर," ते म्हणाले. "तुझ्याच हातानं सुटू दे. तो मान तुझा."

चेअरमन आले.

९. हालचाली बघा. विमानाच्या मागं उभं राहून.

या ओळीतले शेवटचे चार शब्द मी पाटीवर लाल रंगात लिहिले होते.

विमान वळवण्यासाठी पंखांच्या मागच्या कडेला दोन झडपा असतात. सेटची स्टिक उजवीकडं नेली की उजव्या पंखाची झडप वर उठली पाहिजे, डावीची खाली गेली पाहिजे. उलट झालं तर विमान उजवीकडं म्हटल्यावर डावीकडं कलतं. माणूस घाबरून आणखी उजवीकडं दाबतो, ते आणखी डावीकडं जातं. सगळं दोन सेकंदांत संपतं. प्रत्येक सेटला झाकणाखाली बारीक खटके असतात. त्यांनी दिशा उलटसुलट करता येते. साहेबांच्या सेटचे खटके त्यांच्या विमानासाठी लावलेले होते, माझ्या नव्हे. म्हणून तपासायचं. आणि तपासायचं ते मागून, म्हणजे तुमचा उजवा आणि विमानाचा उजवा एकाच बाजूला येतो.

विमानाचं तोंड धावपट्टीकडं होतं. मागं मंडप. मी शेपटीशी उकिडवी, मंडपाकडं पाठ करून. साहेबांनाही माझ्यामागं उभं राहावं लागलं असतं. म्हणजे चेअरमनकडं पाठ.

साहेब ते करणार नव्हते. ते विमानाच्या तोंडाशी जाऊन, मंडपाकडं तोंड करून उभे राहिले आणि शाळेत शिकवतात तसं शिकवू लागले.

"साहेब, हे बघा. ही स्टिक उजवीकडं."

उजव्या पंखाची झडप खाली गेली. मी बघितली. माझ्या उजव्या हाताला, दोन फुटांवर.

"ही उजवी झडप, वर."

ते त्यांच्या उजवीकडं बघत होते. तो विमानाचा डावा पंख होता.

"साहेब," मी म्हणाले, "उलटं आहे."

"काय?"

"झडपा उलट्या आहेत. इकडून बघा."

ते हसले. चेअरमनकडं बघत हसले. "तुझ्या बाजूनं उलटं दिसतंय."

मंडपात हशा झाला. "पोरी हुशार हायत आजकालच्या," चेअरमन म्हणाले. कुणीतरी टाळीपण वाजवली.

इंजिन सुरू झालं.

पुन्हा पहिल्यापासून

"सोड."

"नाही."

तिसऱ्यांदा त्यांनी सोड म्हटलं तेव्हा विमान माझ्या मांड्यांत इतकं थरथरत होतं की सलवारीला तेलाचे डाग पडत होते. मग त्यांनी थ्रॉटल खाली घेतली. इंजिन गुरगुरायला लागलं. ते माझ्याजवळ आले, वाकले. अत्तराचा वास आला. आज त्यांनी अत्तर लावलं होतं.

"काय चाललंय हे?"

"माझ्यामागं उभं राहा आणि स्टिक हलवा."

"बघितलंय मी."

"समोरून बघितलंत."

"लोक बघतायत, सरोज."

"मग लवकर बघा."

ते उभे राहिले. माझ्यामागं. चेअरमनकडं पाठ करून. मी मान वळवली नाही, पण काखेखालून त्यांचे बूट मला दिसत होते, टाचा जुळलेल्या. त्यांनी स्टिक उजवीकडं नेली.

उजवी झडप खाली गेली.

बूट हलले नाहीत. इंजिन आपलं गुरगुरत होतं. मग झाकण उघडल्याचा आवाज. नखानं खटका सरकवल्याचा, अगदी बारीक. पुन्हा स्टिक. उजवी झडप वर. डावी खाली.

मागं कुणालाच काही कळलं नव्हतं. साहेबांचं काय चुकलं होतं ते साहेबांना, मला आणि विमानाला ठाऊक होतं.

"बरोबर आहे आता," ते म्हणाले. "सोड."

मी सोडलं नाही.

माझं म्हणणं खरं ठरलं होतं. झडपा सुलट झाल्या होत्या. पाटीवरची उड्डाणाआधीची एकही ओळ राहिली नव्हती. त्यांचा हात माझ्या हातापेक्षा दहापट चांगला होता. त्यांनी ते विमान असं उडवलं असतं की चेअरमननी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

"आता काय राहिलंय?"

"मी उडवणार आहे."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"असेल."

"मागं कोण बसलंय ते बघ तरी."

"तुम्हीच बघा. तुम्हाला सवय आहे."

हे बोलायला नको होतं. ते खरं होतं, तरी नको होतं. त्यांनी थ्रॉटल पुन्हा पूर्ण चढवली. विमानानं झटका दिला. त्यांना वाटलं, जोरानंच सुटेल. शेपूट गुडघ्यांत दाबून मी पुढं झुकले आणि टाकीतून इंजिनाकडं जाणारी रबरी नळी चिमटीत धरली. तीन सेकंद. चार. इंजिन एकदा किंचाळलं आणि बंद पडलं.

शांतता झाली. उसाची पाती वाजताना ऐकू आली.

"काय झालं ओ रणदिवे?" मंडपातून चेअरमन. "इमान उडतंय का न्हाई आज?"

साहेब वळले. "इंजिनाचं जरा काम राहिलंय, साहेब. पोरीनं बनवलंय ना, होतं असं पहिल्यांदा."

मी उठले. गुडघ्यांत कळ आली होती.

"इंजिनाला काही झालेलं नाही," मी म्हणाले. मोठ्यानं. "मी बंद केलंय. माझं विमान मी उडवणार आहे म्हणून."

झडपांचं मी बोलले नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. इक्बालभाईलासुद्धा नाही. आज पहिल्यांदाच सांगते आहे. साहेब गेले त्याला आता चार वर्षं झाली.

चेअरमन हसायला लागले. "मंग उडवू द्या की ओ तिला. पोरीनं इमान उडवलं म्हणून पेपरात फोटो बी येईल."

साहेबांनी एरियलचा चिमटा काढला. इतक्या लगेच काढला की मी बघतच राहिले. दोन वर्षं मी मागत होते, आणि तिकडून एक वाक्य आलं आणि चिमटा निघाला. त्यांनी तो माझ्यापुढं धरला.

"घे. साहेब म्हणतायत."

मी हात पुढं केला नाही.

"घे ना."

"साहेब म्हणतायत म्हणून नको."

"मग कसं हवंय तुला?"

"विमान त्यांचं नाही. तुमचं पण नाही. माझं आहे म्हणून द्या."

देशमाने वकील धावत आले. "अगं बाई, जागेचा प्रश्न आहे. दिलाय ना चिमटा, घे आणि उडव. तत्त्वं नंतर."

"मग मी पंख काढून घरी जाते." मी खाली बसून पहिला बोल्ट सैल करायला लागले.

चेअरमन घड्याळ बघत उठले. "चालू द्या तुमचं," म्हणाले. "आमचा बॉयलर वाट बघत न्हाई." मोटारींची दारं वाजली. बँडवाले टेम्पोत चढले. धूळ उडाली आणि मावशी लगेच सोयाबीनची पोती ओढत धावपट्टीवर आली.

ती जागा पुढच्याच वर्षी गेली. त्याचं खापर मंडळातले काहीजण अजून माझ्यावर फोडतात. फोडू देत.

१४. काम झालं की चिमटा जागेवर.

वकील मंडपाच्या खुर्च्या एकात एक घालत होते, जरुरीपेक्षा मोठा आवाज करत. मी दुसऱ्या बोल्टवर आले होते.

साहेब पाटीपाशी गेले. त्यांनी एकोणीसचा चिमटा खालच्या कडेला लावला, आपल्या जागी. सेट बंद केला. एरियल मिटवली. मग ते काही क्षण पाटी वाचत उभे राहिले. आठ वर्षं ती तिथं होती.

"लाल अक्षरं पुसट झालीत," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. "पुन्हा रंगव." आणि ते जाऊन बाभळीच्या सावलीत बसले.

चिमटा पाटीवर होता. पाटीवरचा चिमटा कुणीही घ्यायचा असतो.

मी बोल्ट पुन्हा आवळले. चिमटा घेतला. माझा सेट आणला. मागं उभं राहून झडपा बघितल्या, दोनदा. टाकी भरली, नऊ मिनिटांचं इंधन. इक्बालभाईनं न विचारता शेपूट धरली.

"मावशी, पाच मिनिटं," मी ओरडले.

"आता तू का?"

"हो."

तिनं पोतं खाली टेकवलं आणि त्यावर बसली, बघायला.

"सोड," मी म्हणाले.

यानंतर पाटीवर ओळी नाहीत

ते तीस पावलं पळालं आणि उठलं. चौदा महिने मी त्याला वरूनच बघितलं होतं, टेबलावर. हवेत, खालून, त्याचं पोट कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं. पांढरं पोट, ऊन त्यातून आरपार, आतल्या फासळ्या मोजता येत होत्या. पहिल्या वळणाला माझा अंगठा इतका थरथरला की विमानही थरथरलं. मग ते आणि मी दोघंही थोडे सैल झालो.

तिसऱ्या फेरीला मागून पावलं आली. साहेब. माझ्या उजव्या खांद्यामागं, दोन हातांवर थांबले.

"थ्रॉटल थोडी कमी," ते म्हणाले.

मी केली नाही.

"वळताना नाक उचल."

ते मी आधीच उचललं होतं.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग, "सहा मिनिटं झाली. उतरव आता."

"नाही."

"इंजिन बंद पडलं तर पश्चिमेकडून येता येणार नाही, वारा आहे. मी हुकूम करत नाही गं. सांगतोय."

ते बरोबर सांगत होते. मला तेव्हाही कळत होतं. पण ते वर होतं, आणि स्टिक हलवली की वळत होतं, आणि सहा विमानांची सगळी मिनिटं त्या एका टाकीत होती. मी आणखी एक फेरी घेतली. आणखी एक. इक्बालभाई काहीतरी ओरडला. मी त्याच्याकडंही बघितलं नाही.

आठ मिनिटं आणि काही सेकंदांनी इंजिन बंद पडलं, पश्चिमेला, लांब. विमान नुसतं तरंगत यायला लागलं. वारा समोरून. मी नाक खाली धरलं, जसं शिकले होते तसं, आणि ते येत राहिलं, येत राहिलं, उसाच्या तुऱ्यांवर आलं, आणि धावपट्टी अजून साठ पावलं होती. साहेब माझ्या खांद्यामागंच होते. त्यांनी सेटसाठी हात पुढं केला असता तर मी तो दिला असता का, याचा मी पुढं खूप विचार केला. त्यांनी केला नाही.

ऊस हलला. मग हलायचा थांबला.

सगळे धावायला निघाले. वकीलसुद्धा, पोतं घेऊन.

"थांबा," मी म्हणाले. "कुणी यायचं नाही."

दहा फुटी उसात विमान शोधणं सोपं नसतं. पाती करवतीसारखी असतात, हात आणि तोंड कापत जातात, आणि चार सऱ्या आत गेलं की दिशा कळत नाही. मी सेट चालूच ठेवला होता. थांबायचं, स्टिक हलवायची, कान द्यायचा. तीनदा काहीच नाही. चौथ्यांदा डावीकडून, खूप आत, किर्र. झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरींचा आवाज. पुन्हा स्टिक. पुन्हा किर्र. मी त्या आवाजाच्या मागं गेले.

ते दोन सऱ्यांच्या मध्ये उताणं पडलं होतं. उजवा पंख मुळापासून मोडलेला, इंजिन मातीत रुतलेलं, शेपूट धड. भात्याचं कापड कुठंच फाटलं नव्हतं. मी शेजारी बसले. मोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. बाल्साची कुसळं बोटात शिरली. सातवं होतं. आधीची जी सापडली त्यांचे तुकडे मी पोत्यातून बाहेर काढले होते, कुणी आणून दिलेले, कुणी कसे मोडले ते विचारायचं नाही असे. हे मी मोडलं होतं. कुठल्या क्षणी, कुठल्या हट्टानं, ते मला सेकंदासकट माहीत होतं.

बाहेरून इक्बालभाईची हाक आली. "सरोज, सापडलं का गं?"

मी स्टिक हलवली. धड राहिलेली झडप वर गेली, खाली आली.

मग साहेबांची हाक. ते कधी हाक मारायचे नाहीत, बोलावणं पाठवायचे. "सरोज, सापडलं का? मी येऊ?"

सापडलं होतं. मी उत्तर दिलं नाही.